मँचेस्टरचे कापड आणि आमच्या ताग्यावरचे नाव

कापडाच्या गादीवर बसून आम्हाला तीस वर्षे झाली. गिऱ्हाईक दुकानात येते, ताग्यावर हात फिरवते आणि पहिला सवाल करते, "माल कुठला?" भाव नंतर विचारते. या एका सवालात आपल्या धंद्याची अर्धी कहाणी आहे.

कापडाला गावाचे नाव लागणे ही जुनी रीत आहे. इराकमधल्या मोसुलवरून इंग्रजीत मस्लिन आले, दमिश्कवरून डमास्क आणि आपल्या कालिकतवरून कॅलिको. जगभर कामगार जी डंगरी घालतात, तिचे नाव मुंबईच्या डोंगरीवरून पडले. तिथल्या बाजारात जाडेभरडे सुती कापड विकले जाई. गोरे खलाशी ते घेत आणि नावही सोबत नेत.

इंग्लंडच्या मँचेस्टर शहराला असाच मान मिळाला. ज्या उभ्या रेघांच्या मखमली कापडाला आपण कॉर्डरॉय म्हणतो, त्याला जर्मनी, हॉलंड आणि स्वीडनमध्ये मँचेस्टर हेच नाव पडले. ऑस्ट्रेलियात तर चादरी, अभ्रे, टॉवेल अशा घरगुती कपड्यांच्या विभागालाच मँचेस्टर म्हणतात. हे नाव कारागिरांच्या हाताने कमावलेले होते. कॉर्डरॉय विणताना बाण्याचे जादा धागे वर मोकळे सोडतात. मग लांब, पातळ सुरी त्या धाग्यांखाली घालून एकेक ओळ कापत जायची. कापलेले धागे ब्रशने उभे केले की रेघ दिसते. हात जरा चुकला की खालचे कापड फाटले. पुढे यंत्रे आली, पण आधी हे सारे काम हातानेच होई.

या शहराचा आपल्या खानदेशाशीही संबंध आला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. तेव्हा हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपल्या काळ्या जमिनीतला कापूसही मुंबईमार्गे समुद्रापार गेला. मात्र लँकेशायरमध्ये हिंदुस्थानच्या कापसाला सरसकट 'सुरत' म्हणत, माल मग कुठल्याही जिल्ह्याचा असो. धागा आखूड होता हा जमिनीचा आणि बियाण्याचा दोष. पण गाठीत माती, सरकी आणि पाणी घालणारे हात माणसांचेच होते. परिणाम असा झाला की तिकडे 'सुरत' हा शब्द खराब मालाची शिवी बनला. अखेर 1863 मध्ये मुंबई सरकारला कापसातली लबाडी रोखण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. काही थोड्या व्यापाऱ्यांच्या लोभाने एका नामांकित बंदराचे नाव बाजारात काळे झाले.

मँचेस्टरवालेही धुतल्या तांदळासारखे नव्हते. त्यांनी सुतावर खळीबरोबर चिनी माती चढवायला सुरुवात केली. कापड वजनदार दिसे, पण पहिल्या धुण्यात त्याचा जीव निघून जाई. जहाजाच्या ओलीत अशा ताग्यांना बुरशी लागे. मापाच्याही तक्रारी होत्या. 1889 च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्याने प्रत्येक ताग्यावर लांबीचा शिक्का मारणे बंधनकारक केले. आज आपण ताग्यावर मीटरचा आकडा वाचतो, त्यामागे ही जुनी बेइमानी आहे.

पुढे मँचेस्टरचा बाजार ओसरला. तिथल्या रॉयल एक्स्चेंजमध्ये एके काळी हजारो कापड व्यापारी जमत. 1968 मध्ये तिथला व्यवहार कायमचा बंद झाला. आता त्या दालनात नाटके होतात आणि शेवटच्या दिवसाच्या भावांचा फलक वर तसाच ठेवला आहे. आपल्या जळगावची खानदेश मिलही गेली, तिच्या जागेवर आता बाजारसंकुल उभे आहे. गिरणी बंद होते, पण कापडाला चिकटलेले नाव टिकते.

आता आमचीच चूक सांगतो. धुळ्याचा आणि मालेगावचा यंत्रमागाचा माल आम्ही वर्षानुवर्षे विकला, पण गिऱ्हाईकाने "कुठला?" असे विचारले की "मुंबईचा" म्हणून सांगत आलो. वाटे, की आपल्या गावाचे नाव घेतले तर भाव पडेल. एकदा एका मोठ्या खेपेत वीस मीटरच्या ताग्यात पाऊण मीटर कमी निघाले. गिऱ्हाईकाने आमच्यासमोर माप टाकले. त्या दिवशी समजले की गावाचे नाव लपवल्याने चोरीही लपते आणि चांगल्या कारागिराचे कामही लपते. त्याच खेपेत दुसऱ्या एका मागवाल्याचे तागे मापाला पूर्ण आणि विणीला घट्ट होते. पण त्यावर नाव नव्हते, म्हणून पुढच्या वेळी त्याला शोधणार कसे?

आज नाव राखण्याचा रस्ता कायद्याने मोकळा आहे. भौगोलिक निर्देशनाचा कायदा 1999 मध्ये झाला आणि 2003 पासून लागू आहे. सोलापूरच्या चादरीने ती नोंदणी मिळवली, पैठणीने मिळवली. 2016 मध्ये जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्यालाही मिळाली. आपल्या वांग्याला कागद आहे आणि आपल्या मागावरचे कापड मात्र बेनाम फिरते, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. हा अर्ज एकटा दुकानदार करू शकत नाही, उत्पादकांच्या संघटनेला करावा लागतो. मालाचा गुण किंवा लौकिक त्या गावामुळे आहे हे दाखवावे लागते. नोंदणी दहा वर्षांची असते, नंतर नूतनीकरण होते.

पण कागदाआधी काम हवे. मागवाले बांधवांनी पन्हा आणि लांबी पूर्ण द्यावी, खळीच्या वजनावर कमाई करू नये. व्यापारी बांधवांनी बिलावर गावाचे नाव लिहावे. आम्ही आमच्या दुकानात सुरुवात केली आहे. आता कुणी "माल कुठला?" म्हणून विचारले की आम्ही सांगतो, "धुळ्याचा, मोजून घ्या."