गच्चीवरची सहल

सहल म्हटली की पहाटेची धांदल, धपाट्यांचे डबे, फिरकीचे तांबे आणि खिडकीजवळच्या जागेसाठी मुलांची भांडणे डोळ्यांपुढे उभी राहतात. आम्ही हैदराबादकर मराठी मंडळी परीक्षा आटोपल्या की मुलांना घेऊन दर वर्षी एखादे दिवशी बाहेर पडतो. कधी गोवळकोंड्याला, कधी गंडीपेटच्या तलावावर, तर कधी थेट बीदरला. सन २०२० च्या वसंतात मात्र यांपैकी कोठेही जाता आले नाही. त्या वर्षी आमची सहल घराच्या गच्चीवर निघाली आणि ती दोन महिने चालली. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी बहुतेक जण त्या वेळी प्राथमिक शाळेच्या खालच्या वर्गांत असतील. घरात अडकून पडल्याचे तुम्हांस आठवत असेल. परंतु त्यामागची कारणे कोणी समजावून सांगितली असतील, असे नाही. ती कारणे, आणि त्या दिवसांत गच्चीवरून आम्हांस जे दिसले ते, येथे सांगण्याचा विचार आहे.

प्रथम दिवसांचा हिशेब देतो. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची साथ ही जगव्यापी महासाथ असल्याचे जाहीर केले. मार्चच्या मध्यास आपल्याकडील शाळा बंद झाल्या. १७ मार्चपासून पुरातत्त्व खात्याने आपल्या ताब्यातील किल्ले व स्मारके बंद केली. म्हणजे गोवळकोंडाही मिटला. २२ मार्चला एक दिवसाची जनता संचारबंदी झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. तो दिवस गुढीपाडव्याचा होता. साखरेच्या गाठी आणावयास बाजार उघडा नव्हता. अंगणातल्या कडुनिंबाची डहाळी बांधून आम्ही गुढी उभारली आणि वर्षारंभ केला.

त्या दिवशी आमच्या घरातील आजींनी एक शंका काढली. त्या म्हणाल्या, "आमचे वडील सांगत, प्लेगात लोक घरे सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. मग आताच घरात कोंडून घ्यावयाचे ते का?" शंका अगदी रास्त होती. चारमिनार ही वास्तू १५९१ साली साथ निवारल्याच्या स्मरणार्थ उभारली गेली, अशी या शहरातील परंपरा आहे. तेव्हा साथ आम्हांस नवी नाही. पण प्रत्येक रोगाची वाट निराळी असते. १८९६ साली मुंबईत व पुढल्या वर्षी पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा लोकांनी गाव सोडले. पुढे १८९८ साली पॉल-लुई सिमोन या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराची येथे दाखवून दिले, की प्लेगचे जंतू उंदरांच्या अंगावरील पिसवा माणसांपर्यंत आणतात. उंदीर घरात, म्हणून रोगही घरात. तेव्हा घर सोडणे हाच उपाय ठरला. कोरोनाचा विषाणू उंदरांवरून येत नाही. तो माणसाच्या श्वासातून, बोलण्याखोकण्यातून उडणाऱ्या सूक्ष्म कणांबरोबर दुसऱ्या माणसाकडे जातो. येथे माणसापासून दूर राहणे हाच उपाय होता. त्या वेळी लस नव्हती; आपल्या देशात लसीकरण सुरू झाले ते १६ जानेवारी २०२१ रोजी. रुग्णालयांवर एकदम भार पडू नये म्हणून गाठीभेटीच थांबविण्यात आल्या.

यातील एक गोष्ट पुढे अधिक स्पष्ट झाली. कोंदट, गर्दीच्या खोलीत हे कण हवेत साचून राहतात. मोकळ्या हवेत ते लवकर विरळ होतात. म्हणजे मोकळी हवा ही शत्रू नव्हती. गर्दी व बंद खोली हे शत्रू होते. प्लेगातल्या माणसांचा माळ आणि आमची गच्ची यांचे नाते जुळले ते येथे. आजींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग मला वर घेऊन चला." दुसऱ्या दिवसापासून त्यांची खुर्ची गच्चीवर आली.

आमच्या घरची दिनचर्या बहुतेकांच्या घरी होती तशीच होती. सकाळी किराण्याच्या दुकानापुढे खडूने आखलेल्या वर्तुळांत उभे राहावयाचे, आणलेले जिन्नस धुऊन वाळवायचे, जुन्या सुती साडीचे मुखपट्टे शिवायचे. २८ मार्चपासून दूरदर्शनवर रामायण पुन्हा दाखवू लागले, त्या वेळी सारे घर एकत्र बसे. वसंतातले वाळवण मात्र दर वर्षीप्रमाणेच झाले. कुरडया, पापड, सांडगे गच्चीवर पसरले, आणि कावळे हाकण्यासाठी मुलांना राखण बसविले. सहलीचा आरंभ या राखणीतूनच झाला. कारण राखण करणाऱ्याला कोठेतरी पाहत बसावेच लागते.

आधी कान उघडले. रस्त्यावरच्या मोटारी थांबल्यामुळे एरवी बुडून जाणारे आवाज ऐकू येऊ लागले. पहाटे विजेच्या तारेवर बसून दयाळ गाई. शेजारच्या पिंपळाच्या वठलेल्या फांदीत तांबट ढोली कोरीत होता. भांड्यावर हातोडी पडावी तसा त्याचा "टुक् टुक्" आवाज दुपारभर चाले. मुलांनी वहीत नोंद केली, "कोकिळा गाते." आम्ही ती दुरुस्त केली. कुहूकुहू करणारा असतो तो काळाभोर नर, कोकिळ; मादी अंगावर ठिपके असलेली असते, आणि ती आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. त्यानंतर वाळवणावर झेपावणाऱ्या कावळ्यांकडे मुले थोड्या निराळ्या नजरेने पाहू लागली. दोन महिन्यांत वहीत सतरा पक्ष्यांची नावे झाली. ते सारे पक्षी आदल्या वर्षीही तेथेच असावेत. आमचेच लक्ष नव्हते.

रात्रीच्या सहलीस आम्हांस वाटाड्या लाभला. गल्लीच्या पलीकडील घरात मोजणी खात्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ एकटेच राहत. मुले त्यांना आजोबा म्हणत. दोन गच्च्यांमध्ये गल्लीची रुंदी, म्हणजे नियमाहून कितीतरी अधिक अंतर होते. तेव्हा बोलणे मोठ्याने करावे लागे.

"आजोबा, शुक्राची चांदणी एवढी मोठी कशी हो दिसते?"

"चांदणी नव्हे रे बाळांनो, ग्रह आहे तो! रोज पाहा, तो कोणाकडे चालला आहे ते मला सांगा."

मुलांनी रोज पाहिले. मार्चच्या अखेरीस शुक्र सूर्यापासून सुमारे ४६ अंश दूर होता आणि सूर्यास्तानंतर तीन तासांच्या आसपास पश्चिमेस झळकत असे. तो दर संध्याकाळी कृत्तिकांकडे सरकत गेला आणि ३ एप्रिलला त्या पुंजक्यातच जाऊन बसला. ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता पंतप्रधानांच्या आवाहनानुसार नऊ मिनिटे दिवे मालवून लोकांनी पणत्या लावल्या. पौर्णिमा जवळ आल्याने चांदणे होते. तरीही विजेच्या दिव्यांवाचून आपले शहर कसे दिसते, ते आम्ही त्या रात्री प्रथमच पाहिले. शुक्र तोवर कृत्तिकांच्या थोडा पुढे निघून गेला होता.

आजोबांनी मग त्यामागचे गणित सांगितले. पृथ्वीच्या आठ वर्षांत शुक्राच्या सूर्याभोवती जवळजवळ नेमक्या तेरा प्रदक्षिणा होतात. त्यामुळे दर आठ वर्षांनी तो त्याच तारखांच्या सुमारास आकाशात त्याच ठिकाणी येतो. २०१२ च्या एप्रिलच्या आरंभीही तो कृत्तिकांत होता, आणि २०२८ च्या एप्रिलच्या आरंभी पुन्हा असेल. "तेव्हा मात्र तुम्ही मला हाक मारायची," असे म्हणून ते हसले.

दिवसाचा छंदही त्यांनीच लावला. पाडव्याच्या दिवशी त्यांनी मुलांकडून गच्चीवर एक मीटर उंचीची काठी उभी करविली आणि भरमध्यान्ही तिची सावली मोजावयास सांगितले. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपली घड्याळे साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेली आहेत. हैदराबाद त्याच्या पश्चिमेस सुमारे चार अंश असल्याने सूर्य येथे सोळा मिनिटे उशिरा माथ्याच्या रेषेवर येतो, आणि ऋतुमानाप्रमाणे त्यातही काही मिनिटांचा फरक पडतो. पाडव्याला ही वेळ बारा वाजून बावीस मिनिटांच्या सुमारास होती, आणि सावली सुमारे २८ सेंटिमीटर भरली. ९ एप्रिलला ती १७ झाली, २४ एप्रिलला ८. हे आकडे आलेखाच्या कागदावर मांडून रेघ पुढे ओढली, तेव्हा ती ९ मे रोजी शून्यास मिळाली.

असे का व्हावे? हैदराबाद विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १७.४ अंशांवर आहे. २१ मार्चच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो आणि तेथून तो दिवसेंदिवस उत्तरेकडे सरकतो. ज्या दिवशी तो आपल्या अक्षांशावर येतो, त्या दिवशी मध्यान्ही सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली लोपते. परतीच्या वाटेवर, ऑगस्टच्या आरंभी, हेच पुन्हा घडते. पणजी व बेळगाव येथे हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, वडोदरा व इंदूर येथे जूनच्या पहिल्या आठवड्यात. ग्वाल्हेरला मात्र तो कधीच येत नाही. कारण ते कर्कवृत्ताच्या उत्तरेस आहे. तेथील मामांच्या मुलांना दूरध्वनीवरून हे सांगितले तेव्हा त्यांना खरे वाटेना. त्यांनी २१ जूनला काठी उभारून पाहिली. सावली सुमारे ५ सेंटिमीटर उरलीच.

या प्रयोगात काठी अगदी सरळ उभी असावी लागते. ती एका अंशाने कलली तरी सावलीत पावणेदोन सेंटिमीटरची चूक होते. आमच्याकडे ओळंबा नव्हता. समोर एका इमारतीचे अर्धवट बांधकाम थांबले होते आणि तेथील पत्र्याच्या झोपड्यांत छत्तीसगडचे पाच-सहा कामगार अडकून पडले होते. गल्लीतील घरे पाळीपाळीने त्यांना भाकरी-वरण देत. त्यांच्यातील एका गवंड्याने मुलांची खटपट पाहून आपला पितळी ओळंबा दोरीने सोडलेल्या टोपलीत ठेवून वर पाठविला, आणि तो कसा धरावा ते खालूनच हाताने करून दाखविले. काम बंद होते. हत्यार नुसते पडून होते. आम्ही म्हटले, प्रयोग झाला की परत करू.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी झोपड्या रिकाम्या दिसल्या. रात्रीतच ती मंडळी नागपूरच्या रस्त्याने पायी निघून गेली होती. येथून नागपूरच सुमारे पाचशे किलोमीटर. त्यांचे गाव त्याहून पुढे. तीनच दिवसांनी, १ मे रोजी पहाटे, आमच्याच शहरातील लिंगमपल्ली स्थानकावरून सुमारे बाराशे कामगारांना घेऊन देशातील पहिली श्रमिक गाडी झारखंडातील हटियाकडे निघाली. ती वार्ता वाचून आम्हांस समाधान वाटले आणि तितकीच चुटपुटही लागली. ती मंडळी आणखी काही दिवस थांबती तर, असे मनात आले. पण त्यांना थांबावेसे वाटण्याइतका धीर आम्ही दिला होता का? भाकरी दिली होती. नाव-गाव मात्र नीट विचारले नव्हते. दोन महिने आम्ही गच्चीवरून सतरा पक्ष्यांची नावे वहीत उतरवून घेतली, पण ज्याचा ओळंबा हाती होता त्याचे नाव वहीत नव्हते.

९ मेला सारी गल्ली आपापल्या गच्चीवर होती. बारा वाजून बारा मिनिटांच्या सुमारास काठीची सावली तिच्या बुंध्याशी मिटली. मुलांनी टाळ्या वाजविल्या, आजोबांनी पलीकडून हात उंचावला. ओळंबा त्याच काठीला टेकलेला होता.

पुढल्या वर्षीच्या एप्रिलात, साथीच्या दुसऱ्या लाटेत, आजोबा गेले. आम्हांस त्यांच्या दारापर्यंतही जाता आले नाही. ९ मे २०२१ रोजी मुलांनी कोणी न सांगता काठी उभारली, ओळंबा लावला आणि वेळ पाळली. तेव्हापासून आमच्या घरी दर वर्षी हा दिवस पाळला जातो. ओळंबा चिंचेने घासून लखलखीत ठेवलेला असतो. त्याचा धनी केव्हा दारी येईल, ते सांगता येत नाही.

विद्यार्थिमित्रहो, या लेखातील प्रयोगास एक काठी, एक फूटपट्टी आणि दुपारची दहा मिनिटे एवढेच लागते. ९ मेला तुम्हीही तो करून पाहा. काठी सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी शेजारच्या बांधकामावरील गवंड्याकडे ओळंबा मागावयास जा; तो कसा धरावा हे तो तुम्हांस आनंदाने शिकवील. मात्र जाल तेव्हा त्याला त्याचे नाव अवश्य विचारा, आणि ते वहीत पहिल्या ओळीवर लिहा. आणि २०२८ च्या एप्रिलच्या आरंभी संध्याकाळी पश्चिमेकडे दृष्टी टाका. शुक्र कृत्तिकांच्या घरी पाहुणा आलेला असेल. त्या वेळी आमच्या गच्चीवरून पलीकडच्या गच्चीकडे एक हाक जाईल. तसे आम्ही आजोबांना कबूल केले आहे.