राख धरली म्हणजे शेगडी विझली असे नाही

पुणतांब्यासारख्या गावात पावसाळा लागला की कणसाच्या गाडीवर कोळशाची शेगडी पेटते, आणि रात्री ती रिकामी करायची वेळ येते. निखारे पांढरे पडले म्हणजे विस्तव विझला, असे बहुतेकांना वाटते. हा समज घातक आहे.

राख म्हणजे कोळशातले न जळणारे खनिज क्षार (कॅल्शियम, पोटॅशियम यांची संयुगे). चांगल्या कोळशात ते वजनाच्या जेमतेम ३ टक्के असतात. ही राख निखाऱ्यावर गोधडीसारखी बसते. आतली ऊब धरून ठेवते, बाहेरची हवा अडवते. त्यामुळे निखारा मंद जळतो, पण जिवंत राहतो, कधी कधी सकाळपर्यंत. पूर्वी बायका चुलीतला विस्तव रात्री राखेत पुरून ठेवत, त्या याच जाणतेपणाने.

हीच राख जाळीखाली साचली की वारा कोंडतो. मग पुठ्ठ्याने कितीही वारा घाला, धग येत नाही. राख मात्र कणसावर उडते. पेटवण्याआधी जाळी झटकून खालचे तोंड मोकळे करावे. तापल्या शेगडीवर पाणी ओतू नये. वाफेबरोबर गरम राख अंगावर उसळते.

राख कुठेही टाकली तरी खतच, हेही सरसकट खरे नाही. ती अल्कधर्मी (आम्लाच्या उलट गुणाची) असते आणि गोदाकाठची काळी जमीनही बहुधा त्याच गुणाची. झाडाच्या बुडाशी ढीग नको. चिमूटभर शेणखतात मिसळली तर चालेल.

राख काढाल ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या बादलीत नव्हे. ओतण्याआधी काडीने तळापर्यंत उकरा, वर तळहात धरा. ऊब लागली तर थांबा.