शहराच्या कडेची वस्ती

मनमाडकडून येणारी गाडी पेडगावहून सुटली, की परभणी जवळ येते. खिडकीतून बाहेर पाहा. आधी काळीभोर शेते दिसतात. मग शेतात एखादे नवे घर दिसते, पुढे दहा-वीस घरे दिसतात आणि मग शहर लागते. शहराच्या कडेला अशा नव्या वस्त्या का वाढतात?

परभणी हे जिल्ह्याचे ठिकाण आहे. १९७२ साली येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. शिक्षण, नोकरी आणि व्यापार यांसाठी खेड्यांतून लोक येथे येतात. शहरात जागा महाग असते. म्हणून ते कडेला प्लॉट घेतात.

येथील काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे ती पिकांना चांगली. घराला मात्र ती त्रास देते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. पाया उथळ असला, तर भिंतींनाही तडे जातात. म्हणून जाणते गवंडी खाली मुरूम लागेपर्यंत पाया खोदतात.

पण चांगली घरे बांधली म्हणजे चांगली वस्ती झाली, असे नाही. एकराच्या चाळिसाव्या भागाला गुंठा म्हणतात. काही ठिकाणी नकाशा मंजूर न करताच शेताचे गुंठे पाडून विकतात. मग रस्ता अरुंद राहतो, गटार होत नाही आणि पावसाचे पाणी दारात साचते. आग लागली, तर बंबही आत येऊ शकत नाही. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी महाराष्ट्रात २००१ साली गुंठेवारी कायदा झाला. परंतु घरे झाल्यावर रस्ता रुंद करायचा, तर कोणाची तरी भिंत पाडावी लागते.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्तीत अनेक माणसे दगावली. तेव्हा १८९८ साली शहर सुधारण्यासाठी एक मंडळ नेमले गेले. त्याने दादर-माटुंगा भागात आधी रस्ते आणि मोकळ्या जागा आखल्या. घरे नंतर झाली. माटुंग्याच्या पाच बागा आजही तेथे आहेत.

तुमच्या घरी कोणी प्लॉट घेणार असेल, तर त्यांना तीन प्रश्न विचारा. नकाशा मंजूर आहे का? सांडपाणी कोठे जाईल? मुले कोठे खेळतील? आणि तुमच्या मोहल्ल्यात मोकळे मैदान असेल, तर तेथे कचरा टाकू नका. एकदा गेलेली मोकळी जागा पुन्हा मिळत नाही.