जोराने दाबलं की मोठं वाजतं?

पियानो शिकायला येणाऱ्या आपल्याकडच्या अनेकांची बोटं आधी पेटीवर फिरलेली असतात. पेटीचा आवाज भाता लहानमोठा करतो. पट्टी हलक्या हाताने दाबा नाहीतर आपटा, फरक पडत नाही. पियानोवर फरक पडतो म्हटल्यावर हे लोक जोर लावू लागतात. पहिला गैरसमज तिथेच होतो.

पियानोची पट्टी जेमतेम एक सेंटिमीटर खाली जाते. तळ गाठण्याच्या किंचित आधी हातोडी यंत्रणेतून सुटते आणि एकटीच तारेवर आदळते. त्या क्षणी तिचा जो वेग, तेवढा आवाज. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७००च्या सुमारास बसवलेली ही युक्ती आजही कायम आहे. पट्टी तळाला टेकल्यावर कितीही रेटा, आवाज वाढत नाही. मनगट तेवढं दुखतं. हळू वाजवायला बोटं ढिली सोडावीत, हेही खरं नाही. वेग जरा कमी पडला की हातोडी तारेपर्यंत पोचत नाही आणि सूर गायब होतो. हळू वाजवणं जास्त कठीण आहे, ते यामुळे.

दोन हात स्वतंत्र करायचे म्हणजे डोक्यात दोन हिशेब चालवायचे, असं बहुतेकांना वाटतं. संगीतकार द्यबुसीच्या पियानोसाठीच्या पहिल्या ‘अराबेस्क’मध्ये एका हाताच्या तीन सुरांसमोर दुसऱ्याचे दोन येतात. हे वेगवेगळं मोजत बसलं तर जमत नाही. दोन्ही मिळून एकच लय बनते: एकत्र, उजवा, डावा, उजवा. ती आधी मांडीवर थापावी. म्हणूनच एकेक हात पूर्ण पक्का होईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. एखाद-दोन मात्रांचा तुकडा घेऊन हात लवकर जोडावेत, कारण जोडणं हे वेगळंच कौशल्य आहे.

अनामिका व्यायामाने इतर बोटांइतकी मोकळी होईल, ही आशाही सोडावी. तिचे स्नायुबंध शेजारच्या बोटांच्या बंधांशी जोडलेले असतात. संगीतकार रॉबर्ट शुमानने तरुणपणी बोटांसाठी एक यंत्र वापरलं होतं. पुढे उजव्या हाताच्या दुखण्याने त्याचं वादकपण संपलं. दोष यंत्राचाच होता का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

बोटांशी झगडण्यापेक्षा हात सुटे करायला सोपी धून घ्यावी. उजवा हात मोठ्याने, डावा अगदी हळू, मग उलट. सुरुवातीला दोन्ही हात एकमेकांची नक्कल करतात. उलट्या फेरीत तर हमखास.