पेंग्विन हिवाळ्यात जातात कुठे?

कानात हेडफोन घालून अर्धा तास बसणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लेखी स्वरूपात. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

एका श्रोत्याने विचारलं होतं: पेंग्विनला उडता येत नाही, मग अंटार्क्टिकात महिनोन्‌महिने सूर्यच उगवत नाही तेव्हा ते करतात काय? पळून जातात की तिथेच गोठत बसतात?

आधी एक खुलासा. आपल्यातल्या बहुतेकांनी जे पेंग्विन प्रत्यक्ष पाहिलेत ते भायखळ्याच्या राणीच्या बागेत, आणि ते आहेत हम्बोल्ट जातीचे. त्यांचं मूळ घर पेरू आणि चिलीचा किनारा. ध्रुवावरची लांबच लांब रात्र त्यांच्या खापरपणजोबांनीही पाहिलेली नाही. आज बोलायचंय ते अडेली आणि एम्परर या दोन जातींबद्दल. दोघंही पक्के अंटार्क्टिकाचे, पण हिवाळा आला की एक जण घर सोडून उत्तरेला निघतो आणि दुसरा नेमका तेव्हाच किनाऱ्याकडे चालायला लागतो.

तिथला हिवाळा म्हणजे नक्की काय, ते आधी बघू. ऋतू आपल्या उलट. आपल्याकडे आंबे संपून पाऊस लागतो, तेव्हा तिकडे ऐन हिवाळा. समुद्र गोठायला लागतो. फेब्रुवारीत अंटार्क्टिकाभोवती साधारण ३० लाख चौरस किलोमीटर समुद्री बर्फ असतो, म्हणजे जवळपास भारताएवढा. सप्टेंबरपर्यंत तो एक कोटी ८० लाखांच्या आसपास जातो. पाचांहून जास्त भारत! हा बर्फ वरून ओसाड दिसतो, पण खालून तसा नसतो. त्याच्या खालच्या अंगाला शेवाळ धरतं, क्रिलची पिल्लं ते खरवडून खातात, क्रिलवर मासे जगतात, आणि या दोन्हींवर पेंग्विन. म्हणजे बर्फ हे त्यांचं ताट आहे आणि दमल्यावर टेकायची जागासुद्धा. अट एकच, श्वास घ्यायला वर यायचं तर बर्फात भेगा हव्यात. सलग पत्र्यासारखा बर्फ काही कामाचा नाही.

आता अडेली. रॉस बेटावर, म्हणजे ७७ अंश दक्षिणेला, त्यांच्या मोठ्या वसाहती आहेत. तिथे एप्रिलच्या अखेरीस मावळलेला सूर्य थेट ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात उगवतो. पिल्लं मोठी झाली की अडेली तिथून निघतात. एखाद्या तरंगत्या बर्फावर चढून दोन-तीन आठवडे पिसं बदलतात. या काळात पोहणं बंद, म्हणून खाणंही बंद. नवी पिसं आली की प्रवास सुरू.

पण हा प्रवास कुठवर जातो, हे कळलं कसं? माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला खरी मजा इथे वाटते. तुम्ही म्हणाल, जीपीएस लावा. पण जीपीएस बॅटरी खातो, डेटा पाठवायला अँटेना लागतो, आणि पोहणाऱ्या पक्ष्याच्या पाठीवर अँटेना म्हणजे महिनोन्‌महिने ब्रेक दाबून गाडी चालवणं. म्हणून संशोधकांनी पायाला एक छोटासा लॉगर बांधला. त्याचं मुख्य काम दोनच गोष्टी नोंदवायच्या: किती वाजले आणि उजेड किती आहे. बस्स.

तेवढ्यावरून जागा निघते. सूर्योदय ते सूर्यास्त किती तास, त्यावरून अक्षांश. आणि त्या दोघांच्या बरोबर मधली वेळ म्हणजे तिथली भर दुपार. ती लॉगरच्या घड्याळात किती वाजता आली, त्यावरून रेखांश. जुन्या खलाशांचंच गणित, फक्त चिपमध्ये भरलेलं. अडचणीही आहेत. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास जगभर दिवस बारा तासांचा, तेव्हा अक्षांश काढता येत नाही. आणि सगळा डेटा पक्ष्याच्या पायातच. पुढच्या उन्हाळ्यात हजारोंच्या गर्दीतून तोच पेंग्विन परत यायला हवा आणि सापडायला हवा. नाही आला तर बॅकअप वगैरे काही नाही.

तरी पुरेसे परत आले. ग्रँट बॅलर्ड, डेव्हिड एन्ली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'इकॉलॉजी' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. रॉस बेटावरचे अडेली वर्षाला सरासरी १३,००० किलोमीटरच्या आसपास प्रवास करतात, आणि एकाने तर १७,६०० किलोमीटर केला होता. न उडणारा, आपल्या गुडघ्याएवढा पक्षी! हे सगळं काही पोहून होत नाही. रॉस समुद्रात पाणी आणि बर्फ एका प्रचंड चक्रात फिरत असतो. अडेली त्यावर बसून उत्तरेला जातात, आणि वसंतात तेच चक्र त्यांच्या परतीच्या वाटेत मदत करतं. फुकटचा प्रवास सोडतो कोण?

पण त्या नकाशात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती दुसरीच गोष्ट. हे पक्षी बर्फाच्या पट्ट्यात राहतात, पण ऐन हिवाळ्यातही दुपारी निदान संधिप्रकाश तरी मिळेल इतपत उत्तरेलाच. पेंग्विन डोळ्यांनी शिकार करतो. वटवाघळासारखं आवाजावर चालणारं रडार त्याच्याकडे नाही. म्हणजे अडेलीला हिवाळ्यात दोन गोष्टी एकाच ठिकाणी लागतात, बर्फ आणि थोडासा उजेड.

मग एम्पररला काय वेड लागलंय?

वेड नाही, डेडलाइन आहे. पिल्लू समुद्रात उतरेल तेव्हा डिसेंबर-जानेवारी हवा, कारण तेव्हा बर्फ फुटतो आणि खाणं भरपूर असतं. आता उलटं मोजा. पिल्लू वाढायला पाचेक महिने, त्याआधी अंडं उबवायला दोन महिन्यांहून थोडं जास्त. उत्तर येतं मे-जून. म्हणून एम्परर मार्च-एप्रिलमध्येच किनाऱ्याला चिकटलेल्या घट्ट बर्फावर जमतात. काही वसाहतींसाठी त्यांना पन्नास, कधी शंभर किलोमीटरही चालावं लागतं. घरटं नाही. मादी एकच अंडं घालते, ते नराच्या पायांवर सरकवते आणि समुद्राकडे निघून जाते.

मागे उरतात फक्त नर. जोडी जमवण्यापासून मादी परत येईपर्यंत सुमारे ११० ते ११५ दिवस पोटात घास नाही. वजन जवळपास ४० टक्क्यांनी उतरतं. उणे ४० अंशांच्या थंडीत ते एकमेकांना खेटून उभे राहतात. या घोळक्याच्या आत तापमान ३७ अंशांपर्यंत चढल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे चक्क उकाडा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोळक्याचे टाइम-लॅप्स फोटो तपासले, तेव्हा दिसलं की दर अर्ध्या-एक मिनिटाला एक बारीकशी लाट त्यातून जाते, प्रत्येक जण पाच-दहा सेंटिमीटर सरकतो. पंढरपूरच्या दर्शनबारीत पुढचा एक पाऊल टाकतो आणि तो धक्का मागे मागे पोचत जातो ना, तस्साच. याच हालचालीतून घोळका घट्ट राहतो आणि कडेचे हळूहळू आत येतात.

तिकडे मादी बर्फातल्या मोकळ्या पाण्यात मासे, क्रिल, माखल्या धरत असते. दुपारचे जे काही चार-दोन तास उजेडाचे, त्यातच तिच्या बहुतेक बुड्या होतात. एम्परर ५०० मीटरहून खोल जातात, आणि एका बुडीची नोंद तर ३२ मिनिटांची आहे. तिला स्वतःचं पोट भरायचंय, पिल्लासाठी साठवायचंय आणि वेळेत पोचायचंय. तिच्याआधी पिल्लू बाहेर आलंच, तर उपाशी बाप घशातून दह्यासारखा पदार्थ काढून भरवतो. पण तो काही दिवसच पुरतो. मग ती येते, शेकडो सारख्या दिसणाऱ्या नरांमधून आवाजावरून आपला ओळखते, आणि चालायची पाळी त्याची.

हे सगळं वेळापत्रक बर्फावर उभं आहे, आणि बर्फ आता बदलतोय. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या एका भागातल्या पाचपैकी चार एम्परर वसाहतींमधला बर्फ पिल्लांना जलरोधक पिसं येण्याआधीच फुटला. ती पिल्लं वाचली नसणार, असं उपग्रहाच्या चित्रांवरून दिसलं. २०२३ च्या हिवाळ्यात तर समुद्री बर्फ जास्तीत जास्त १ कोटी ७० लाख चौरस किलोमीटरच्या जेमतेम खालीच थांबला. १९७९ पासूनच्या उपग्रह नोंदींमधला हा हिवाळ्याचा नीचांक, आणि आधीच्या नीचांकापेक्षाही सुमारे १० लाखांनी कमी.

एम्पररचं संकट निदान चित्रात दिसतं. अडेलीचं दिसत नाही. पाणी तापलं तर बर्फाची कड दक्षिणेकडे सरकेल, आणि अडेली तिच्या मागे जाऊ शकतात. हजारो किलोमीटर हिंडणाऱ्याला थोडं इकडेतिकडे काही जड नाही. पण पृथ्वीचा आस तेवढाच कललेला राहणार. संधिप्रकाशाची रेघ जिथे आहे तिथेच राहणार. बर्फ त्या रेघेच्या पलीकडे गेला तर तिथे बर्फ असेल, खाली क्रिलही असेल, फक्त ते दिसणार नाही. बॅलर्ड यांच्या गटाने २०१० मध्ये हाच इशारा दिला होता.

लॉगरचं गणित स्वतः करून बघायचं असेल, तर फोनवर तुमच्या गावची सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ बघा आणि मधली वेळ काढा. ती बरोबर बारा का येत नाही, हे कमेंटमध्ये लिहा. पुढच्या एपिसोडची सुरुवात तिथूनच करू.