पोटाला पिना मारणारे डॉक्टर

सिंधुदुर्गातल्या ओरोसच्या सरकारी मेडिकल कॉलेजात २०२१-२२ साली एमबीबीएसची पहिली तुकडी बसली. समजा, तिच्यातल्या मालवणच्या एखाद्या मुलीच्या मनात वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करणारी सर्जन व्हायचं आहे. मी कागदावर हिशेब मांडला. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, मग नीट-पीजीचा घाट, तीन वर्षं जनरल सर्जरीत एमएस किंवा डीएनबी, त्यावर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांची एक-दोन वर्षांची फेलोशिप. कुठेच अडखळली नाही, तरी २०३३ उजाडेल आणि तिची तिशी उलटलेली असेल. तोवर आपल्या लोकांना बांबोळी, कोल्हापूर, पुणे, मुंबई गाठणं आलंच.

या डॉक्टरांच्या पाट्या वाचायचा मला जुना नाद आहे. नावापुढच्या अक्षरांच्या रांगेत आधी एमएस किंवा डीएनबी शोधावं. ते पायाचं शिक्षण. काही जण पुढे पचनसंस्थेच्या शस्त्रक्रियेत तीन वर्षांची एमसीएच करतात. बेरियाट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याची, सर्जरी मात्र मुख्यतः फेलोशिपमध्येच, कुणा मुरलेल्या सर्जनच्या हाताखाली उभं राहून शिकली जाते. म्हणून ‘पदव्या किती?’ यापेक्षा ‘कुणाकडे शिकलात, आणि अशी ऑपरेशनं महिन्याला किती करता?’ हे विचारलेलं बरं. चांगला सर्जन या प्रश्नावर रागावत नाही.

इतिहास थोडक्यात उरकतो. १९५४ साली अमेरिकेत आतड्याला वळसा देऊन पाहिला गेला, १९६६ साली आयोवात एडवर्ड मेसन यांनी जठराचा बायपास केला. पण मोठा छेद, जखमेत पू, पुढे हर्निया, असं शुक्लकाष्ठ मागे लागायचं. दुर्बीण आली आणि चित्र पालटलं. आपल्याकडे ते श्रेय डॉ. तेहेम्टन उडवाडियांचं. १९७२ पासून ते मुंबईच्या जेजे रुग्णालयात दुर्बिणीने पोट तपासत होते, आणि १९९० साली तिथेच त्यांनी देशात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. कुडाळच्या आत्येला ‘स्लीव्ह’, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून अरुंद नळीएवढं ठेवण्याचं, ऑपरेशन समजावताना तिने मला मध्येच तोडलं होतं, “म्हणजे पोटाक पिना मारतले?” “होय गे, मारतले.” “आणि त्यो गंजाक लागल्यो तर?” गंजत नाहीत, टायटॅनियमच्या असतात. कागदाला मारायच्या पिनेसारखीच ही पीन. फक्त मिटताना तिची दोन्ही टोकं आत वळतात आणि इंग्रजी ‘बी’ अक्षराचा आकार होतो. त्या दोन पोकळ्यांतून बारीक रक्तवाहिन्या वाहत्या राहतात, म्हणून कडेचं मांस मरत नाही. एका दाबात दोन्ही बाजूंना पिनांच्या तीन-तीन ओळी बसतात आणि मधून पातं फिरतं.

या पिना मारणाऱ्या यंत्राचा, म्हणजे स्टेपलरचा, पूर्वज १९०८ सालचा, बुडापेस्टच्या ह्यूमेर ह्युल्टल यांचा. वजन साडेतीन किलोंच्या वर, आणि नुसतं जुळवायलाच दोनेक तास! पुढे त्याच देशातल्या अलादार पेट्झ यांनी ते हलकं केलं. सोव्हिएत सर्जनांनी या विद्येत बरीच मजल मारली होती. १९५८ साली कीव्हला गेलेल्या मार्क रॅविच या अमेरिकन सर्जनने ती पाहिली, आणि पुढच्या दशकात अमेरिकेत असे स्टेपलर तयार होऊ लागले. शीतयुद्ध ऐन भरात असताना ही पीन सीमा ओलांडून गेली, याचं मला अजून नवल वाटतं.

कोल्हापूरला सर्जनांच्या एका कार्यशाळेत एका डॉक्टर मित्राने मला मागच्या रांगेत बसवलं होतं. पडद्यावर थेट स्लीव्हचं ऑपरेशन चालू होतं. भूलतज्ज्ञ तोंडातून एक मऊ नळी जठरात सोडतो. ती बूजी, जाडी साधारण १२ ते १३ मिलिमीटर. तिच्या कडेकडेने स्टेपलर वर सरकतो आणि जठराचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग सुटा होतो. भुकेची चेतना देणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः याच भागात तयार होतं. म्हणजे नुसती पिशवी लहान होत नाही, भूकही मंदावते. जठराची भिंत खाली जाड, वर पातळ, तेव्हा त्या मापाने वेगळ्या उंचीच्या पिना घ्याव्या लागतात. जबडा मिटला की सर्जन लगेच दाबत नाही. मांसातलं पाणी निथळावं म्हणून काही सेकंद थांबतो. आणि पहिली पीन मारण्याआधी भूलतज्ज्ञाला खणखणीत आवाजात विचारतो, “बूजी सोडून बाकी नळ्या बाहेर?” नाकातून घातलेली नळी पिनांत अडकल्याचे प्रसंग जगभर घडले आहेत. सगळ्यात घोर गळती होते ती वरच्या टोकाला, अन्ननलिकेच्या सांध्याजवळ. तिथे किती अंतर सोडायचं, हे हाताला कळायलाच ती फेलोशिपची वर्षं लागतात.

चहाच्या सुट्टीत सरावाची पेटी हाताळायला मिळाली. हात डावीकडे नेला की हत्याराचं टोक उजवीकडे जातं. पडदा सपाट असल्यामुळे खोली कळत नाही. शिकाऊ डॉक्टर अशा पेटीत तासन् तास मणी उचलत बसतात.

हे ऑपरेशन कुणी करावं? २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे बीएमआय ३५ च्या पुढे असेल तर, किंवा मधुमेहासारखा आजार जोडीला असेल तर ३० पासून; आशियाई लोकांसाठी ही रेषा आणखी खाली आहे. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला ३५ म्हणजे साधारण ९० किलो. विमा कंपन्या मात्र ४०, किंवा ठरावीक गंभीर आजारांसह ३५, असा धोशा लावतात. ‘लग्नाआधी पाच किलो उतरवायचे’ म्हणून येणाऱ्याला परत पाठवतो तो सर्जन मला मोठा वाटतो.

वर्तमानपत्रांना मोठे आकडे आवडतात. २०१७ साली सुमारे ५०० किलो वजनाची एक इजिप्शियन महिला मालवाहू विमानाने मुंबईला आली. सैफी रुग्णालयात डॉ. मुफझल लकडावाला यांनी तिच्यावर शस्त्रक्रिया केली, नंतर ती अबुधाबीला गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तिथे वारली. बातम्या आल्या त्या किलोंच्या. आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट असा जो ताफा या कामाला लागतो, त्याला कोपऱ्यात दोन ओळी.

आहारतज्ज्ञाशी माझं एक भांडण आहेच. शहरातून मिळणाऱ्या तक्त्यांत ओट्स असतात, पनीर असतं, मासा दिसत नाही. ऑपरेशननंतर आधी पातळ, मग वाटलेलं, मग मऊ अशा पायऱ्या चढताना आपला माणूस पेजेवर दिवस काढू पाहतो, आणि प्रथिनं राहून जातात. दिवसाला किमान ६० ग्रॅम तरी हवीतच. मऊ खाण्याची परवानगी मिळाली की काटे काढून कुस्करलेला बांगडा ताटात यायला काय हरकत? आत्येच्या मते हा तक्ता लिहिणाऱ्यांनी एकदा मालवणच्या मासळीच्या लिलावाक उभा रवाक होया. खाज्याचा मोह मात्र आवरावा; बायपासनंतर गोड एकदम पोटात गेलं की घाम फुटतो, छाती धडधडते.

बी-१२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या जन्मभर चालतात, रक्ततपासणीही. त्यासाठी दर वेळी मुंबईची रातराणी पकडायची गरज नाही. रक्त कुडाळला द्यावं, अहवाल सर्जनला फोनवर पाठवावा. तो अहवाल बघून उत्तर देणार का, हे ऑपरेशनआधीच विचारून घ्यावं.