कणाकणाची कुळकथा

पारनेर तालुक्यातल्या निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहायला लोक लांबून येतात आणि खळग्यांची खोली पाहून थक्क होतात. त्या खळग्यांच्या तळाशी साचलेले गोटे आणि वाळू मात्र सहसा कुणी निरखून पाहत नाही. वाळूच्या कणाला दोन प्रश्न विचारता येतात. तू कशाचा बनलास? यावरून त्याचं माहेर कळतं. तुझा आकार असा का? यावरून त्याने वाटेत काय सोसलं ते कळतं. या दोन उत्तरांची सरमिसळ झाली, की कणाची कथा चुकीची वाचली जाते.

काळ्या पाषाणाची लेकरं

अहिल्यानगर जिल्हा बेसाल्टवर, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणावर वसला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहिलेल्या लाव्हारसाचा हा खडक. त्यात फेल्डस्पार, पायरॉक्झीन आणि लोहयुक्त मॅग्नेटाइट असतं. क्वार्ट्झचे स्फटिक जवळपास नसतात. म्हणून कुकडी, मुळा, प्रवरेची वाळू करडी-काळसर दिसते. वाळलेल्या वाळूतून चुंबक फिरवला, तर मॅग्नेटाइटचे काळे कण त्याला चिकटून येतात.

याच वाळूत पांढुरके आणि तांबूस, चकचकीत कणही सापडतात. लाव्हारस थंड होताना वायूंमुळे पोकळ्या राहिल्या. पुढे पाण्यात विरघळून आलेली सिलिका त्यांत साचली आणि गारगोटी, अकीक, जास्पर तयार झाले. फेल्डस्पार आणि पायरॉक्झीन कुजून शेतातली काळी माती होते. सिलिका चिवटपणे टिकते. आदिमानवानेही हा चिवटपणा हेरला होता. ह. धी. सांकलिया यांनी 1954 ते 1956 या काळात नेवाशाला उत्खनन केलं. प्रवराकाठच्या तिथल्या गाळथरांत जास्पर, चर्टसारख्या सिलिकायुक्त दगडांची मध्य पुराश्मयुगीन हत्यारं मिळाली.

गोल कण, धारदार कण

नुकता फुटलेला कण कोनदार असतो. वाहताना तो इतर कणांवर, खडकावर आदळतो, त्याचे कोपरे झिजतात. म्हणून गोल कण लांबून आलेला, धारदार कण जवळचा, असा ढोबळ नियम सांगितला जातो. कुकडीचं खोरं मात्र हा नियम दोन्ही बाजूंनी तपासायला लावतं.

निघोजला भोवऱ्यात अडकलेले दगड एकाच जागी गरगरत राहतात. ते खडक कोरतात आणि स्वतःही घासून गुळगुळीत होतात. फारसा प्रवास न करताही त्यांना गोलाई येते.

याच नदीवर, निघोजच्या वरच्या अंगाला, जुन्नर तालुक्यात बोरी आहे. तिथल्या नदीगाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1980 च्या दशकात त्याचा अभ्यास केला. सूक्ष्मदर्शकाखाली या राखेत काचेचे धारदार, वक्र तुकडे दिसतात. फुटलेल्या बुडबुड्यांच्या त्या भिंती आहेत. बेसाल्टमध्ये सिलिका साधारण 50 टक्के. या काचेत 70 टक्क्यांहून अधिक. म्हणजे ही राख इथल्या खडकाची नाही. तिचं रासायनिक साम्य इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीशी आहे. टोबाच्या नेमक्या कोणत्या उद्रेकाची ही राख, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ वाद झाला. पण तीन हजारांहून अधिक किलोमीटरचा प्रवास करूनही तिच्या कडा शाबूत आहेत, कारण ती हवेतून आली. आकार अंतर मोजत नाही, घर्षण मोजतो.

सागरकिनाऱ्यावर हीच कसोटी

कोकणातही हीच रीत लागू पडते. रत्नागिरीच्या पुळणींवर काळे पट्टे दिसतात, ते बेसाल्टमधून सुटलेल्या इल्मेनाइटचे. लाटा हलके कण मागे ओढून नेतात आणि जड इल्मेनाइट किनाऱ्यावर साचतं. दक्षिणेला सिंधुदुर्गात बेसाल्टहून कितीतरी जुने, क्वार्ट्झयुक्त खडक आहेत. म्हणून मालवण-वेंगुर्ल्याची वाळू फिकट. शिंपल्यांचा चुरा असेल, तर त्या कणाचं माहेर डोंगरात नसून समुद्रात आहे.

आज बांधकामावर येणारी क्रश सँडही काळ्या पाषाणाचीच असते. घटक नदीच्या वाळूचेच, पण कडा ताज्या आणि धारदार. इथे फक्त आकारच सांगतो, की हा कण नदीने नव्हे, यंत्राने घडवला.

म्हणूनच बेसुमार वाळूउपशाची चर्चा केवळ ब्रास आणि महसुलावर थांबू नये. धरणांमुळे वरून येणारी वाळू अडते आणि खाली पात्र खरवडलं जातं. त्याबरोबर भूजल धरून ठेवणारा थर जातो आणि नदीचा लिखित पुरावाही जातो. शाळांनी आपापल्या नदीची मूठभर वाळू, एक भिंग आणि एक चुंबक घेऊन हा पुरावा वाचायला सुरुवात करावी. जिची कथा मुलांनी स्वतः वाचली आहे, ती नदी राखायला तीच मुलं उद्या पुढे येतील.